नानाजींच्या तोंडावरचा शेला

माळीपुरा, वाशीम
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५९

चिरंजीव शालिग्राम यास आक्काचे अनेक आशीर्वाद. तू, गोमती आणि मुलं सुखात असाल. इकडे सगळं क्षेम आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचून कितपत क्षेम आहे ते तूच ठरव.

गोमतीने पाठवलेलं दिवाळीचं पोहोचलं. तुझ्या भाटव्यांनी, म्हणजे आमच्या यांनी, चकली हातात घेतली, वास घेतला, "गोमतीचा हात लय चांगला हाय" म्हणाले आणि ती नातीच्या, अंजनाच्या हातात ठेवली. डब्यातल्या सगळ्या चकल्यांची अशीच वाटणी झाली. गोमतीला सांग, भाटव्यांना फार आवडल्या.

वांगी यंदा भरपूर आली आहेत, बाजारात भाव मात्र पडलेला. हिरालाल आणि सूनबाई बरे आहेत. आपल्या अंजनासाठी मानोऱ्याचं स्थळ आलं आहे. मुलगा चांगला, घरची बागाईत, दोन विहिरी. मुलाचा बाप उकंडराव सरळ माणूस आहे, पण त्या घरात शब्द चालतो त्याच्या आईचा, सोजरबाईचा. ती बाई बैलबाजारात स्वतः जाऊन बैल घेते म्हणतात. अंजनाने मुलाला सुपाचा आडोसा करून पाहिलं आणि तेव्हापासून ती कामं न सांगता करते आहे. यावरून काय ते समज.

आता मुद्द्याचं. जे सांगणार आहे ते कोणाजवळ बोलायचं नाही, अशी शपथ तुझ्या भाटव्यांनी मला घातली आहे. देवाची शपथ आपल्या सत्यशोधक घरात चालत नाही, म्हणून ज्वारीच्या कणगीवर हात ठेवायला लावला. कोणापाशी बोलणार नाही असं मी म्हटलं. लिहिणार नाही असं म्हटलेलं नाही. आबांनी लोकांची बोलणी खाऊन मला शाळेत घातलं, ते काही उगाच नाही.

तर ऐक. तुझ्या भाटव्यांच्या तोंडात आता एकच दात उरला आहे.

मला हे कसं कळलं तेही सांगते. मी त्यांच्या मागून त्यांच्याच ताटात जेवते. (आबांना हे आवडत नव्हतं, पण इतक्या वर्षांची सवय.) आधी ताटात भाकरीच्या कडा राहायला लागल्या. मग अर्धी भाकरी. मी विचारलं तर दुसऱ्या दिवसापासून ताट एकदम लख्ख यायला लागलं. मला बरं वाटलं. मग एकदा गोठ्यात गेले तर आपला ढवळ्या बैल भरल्या वांग्याबरोबर भाकरी खात उभा! हे बाजूला, बंडीचा खिसा उलटा करून झटकत होते.

"अवो, ढवळ्या मसाल्याचं कवापासून खाऊन राह्यला?" मी विचारलं.

तेव्हा तोंडावर हात धरून कबूल झाले. एकेक दात हलला, तसा यांनी तो गुपचूप ओढला आणि बांधाखाली पुरला. मुळं आत मोडून राहिली ती वेगळीच. मला म्हणाले, "कोणापाशी बोलशीन तं पाह्य. नानाजी बुडा झाला म्हणतीन लोक."

तुला हसू येईल, पण त्यांची अडचण तुला ठाऊक आहे. अख्ख्या माळीपुऱ्यात सोयरीक ठरली की सुपारी फोडायला यांनाच बोलावतात. बाकीचे दगडाने फोडतात, हे दाढेत धरून फोडतात. कडाक आवाज झाला की लोक "जमलं" म्हणतात. तुझ्या लग्नातही यांनीच फोडली होती, आणि नंतर आठ दिवस त्याच रुबाबात फिरत होते.

आता खरा तमाशा. चावता येत नाही हे लपवायला यांनी उपास धरले आहेत. साबुदाण्याची खिचडी, भगर, केळं, सगळं मऊ! आधी सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी, एकादशी. ज्या माणसाने चावडीवर पुराणिकाशी वाद घालून उपासतापास थोतांड म्हटलं, त्याला आता विठ्ठलमंदिराचे लोक येता-जाता नमस्कार करतात. परवा एका म्हातारीने पाय धरले. बोललं तर दात दिसतील म्हणून हे बोलत नाहीत, तर लोक म्हणतात नानाजींनी मौन धरलं. तोंडावर सदा शेला.

तुझ्या अमरावतीला दात बसवून देणारे डॉक्टर आहेत असं ऐकलं. विचारून कळव. पाकिटावर माझंच नाव लिही.

तुझी बहीण,
कस्तुरा


माळीपुरा, वाशीम
मार्गशीर्ष वद्य नवमी, शके १८५९

चिरंजीव शालिग्राम यास आशीर्वाद. तुझं पत्र पावलं. दोनदा वाचलं, एकदा डॉक्टरांचं म्हणणं कळावं म्हणून आणि एकदा तुझा राग कळावा म्हणून. सत्यशोधकाच्या जावयाने एकादशी धरली याचा तुला संताप आला ते योग्यच आहे. पण बाबा रे, एकादशी यांच्या मनात नाही, हिरड्यांत आहे.

डॉक्टर म्हणाले की आत राहिलेली मुळं सडली की त्यांचा पू घोटाघोटाला पोटात जातो, त्याने अंगात ताप राहतो, सांधे धरतात, आणि न चावलेलं अन्न अंगी लागत नाही. हे वाचून मी गारच पडले. हे सगळं आमच्याकडे चालू आहे. दिवेलागणीला अंग कोमट होतं. बोटं सकाळी वळत नाहीत. धोतर कमरेवर राहत नाही म्हणून त्यावर सुतळी बांधतात, आणि ती सुतळी दिसू नये म्हणून वरून पुन्हा शेला. आमच्या घरात हल्ली सगळ्याला शेलाच पुरा पडतो आहे.

तू लिहिलंस तसं मऊ करून घालते. ज्वारीच्या कण्या शिजवते, वांग्याचं भरीत घोटून घोटून देते, भाकरी वरणात कुस्करते. पण तेही चोरून! सुनेला कळता कामा नये अशी आज्ञा आहे. म्हणून ती पाण्याला गेली की मी घाईघाईने खलबत्त्यात भाकरी कुटते. परवा ती लवकर परतली. मी वाटी पदराखाली घेतली. तिने पाहिलं. संध्याकाळी कुंपणाशी शेजारणीला सांगत होती, "आमच्या आत्याबाई चोरून खाऊन राह्यल्या. मी काय कमी देतो का त्याइले?" या वयात मी खादाड ठरले, शालिग्राम. सूनबाई चतुरा मुलगी चांगली आहे. आता मला न मागता दोन भाकरी जास्त वाढते, आणि शपथेपायी मी त्या खाते.

परवा मळ्यात मोटेपाशी यांना जरा चक्कर आली, बसले. ऊन लागलं असेल. कोबीचे गड्डे यंदा छान धरले आहेत.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मानोऱ्याची मंडळी येऊन गेली. उकंडराव, सोजरबाई आणि मध्यस्थ इंद्रभान. मी पुरणपोळी केली होती, म्हटलं मऊ आहे, हेही पंक्तीला बसतील. पण पोळी चघळताना तोंड हलतं कसं ते लोक पाहतील म्हणून यांनी उपास सांगितला. वार बुधवार. बुधवारचा उपास मी तरी ऐकलेला नाही. सारा वेळ खांबाला टेकून, तोंडावर शेला, नुसती मान हलवत बसले. मधेच हिरडी ठणकली की वळून कोपऱ्यात थुंकत. सोजरबाई त्यांच्याकडेच बघत होती. मुलगी तिने पाहिलीच नाही म्हण ना.

चार दिवसांनी इंद्रभान आला. ओसरीवर बसला नाही, अंगणातच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. सोजरबाई म्हणते, माणूस वाळून राह्यला, सांजच्याले अंग तापते, तोंडाले फडकं लावते. हे लक्षण तिनं आपल्या घरात पाह्यलं हाय. क्षयाच्या घरची पोरगी कशी करू, म्हणते."

शालिग्राम, तिची लेक क्षयाने गेली आहे. मी तिला बोल तरी कसा लावू?

चुलीपाशी आल्यावर अंजना माझ्याजवळ बसली. रडली नाही. फक्त विचारलं, "आजी, आजोबाले खरंच ते झालं का?" लग्नाचं तिने विचारलंच नाही. मी मिरच्या निवडत बसले.

मग आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "दाखवून टाका ना तोंड एक डाव! पोरीची सोयरीक मोडून राह्यली."

हे म्हणाले, "लोक मले सुपारी फोडणारा नानाजी म्हणतात. ते गेलं तं काय राह्यलं?"

"तुमी राहता ना!"

"रिकामं बोळकं घेऊन? त्यापक्षा क्षय बरा. त्याले लोक हसत तं नाई."

बघ, असं आहे. क्षय परवडला म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी दोन दिवस बोलले नाही. त्यांना मौन आणि मला अबोला, घर अगदी शांत होतं.

सोजरबाईने एवढंच कबूल केलं आहे की माघात एकदा स्वतः येईन, बघेन आणि मगच नाही म्हणेन. तेवढी आशा आहे. डॉक्टरांना विचार, बरं व्हायला उशीर तर झालेला नाही ना? आधी याचंच उत्तर लिही.

तुझी बहीण,
कस्तुरा


माळीपुरा, वाशीम
माघ वद्य द्वितीया, शके १८५९

चिरंजीव शालिग्राम यास आशीर्वाद. हे पत्र तुझ्या भाटव्यांच्याच हाती देते आहे. हिरालाल त्यांना घेऊन मोटारीने अकोल्यापर्यंत आणि पुढे रेल्वेने तुझ्याकडे येईल. त्यांना वाचता येत नाही हे आज पहिल्यांदा मला बरं वाटलं. "एवढं काय लिवून राह्यली?" म्हणून दोनदा डोकावून गेले.

सोजरबाई आली तो दिवस सांगते. ती बायकांत आत बसली नाही, सरळ ओसरीवर यांच्यासमोर मांडी घालून बसली. बाई धिप्पाड, आवाज मोटेवरच्या माणसासारखा. म्हणाली, "नानाजी, तुमी दातानं सुपारी फोडता म्हणतात. मंग आज फोडा. फुटली तं सोयरीक पक्की. जबड्यात जोर हाय त्या माणसाच्या छातीत रोग नसते."

आम्ही या प्रसंगाची तयारी केली होती. मी एक सुपारी आठवडाभर पाण्यात भिजवून मऊ केली होती आणि पानाच्या तबकात वरच ठेवली होती. हे तिच्याकडे हात नेणार, तोच सोजरबाईने आपला बटवा सोडला. "सुपारी पोराकडची असते," म्हणाली, आणि गोटीसारखी टणक सुपारी यांच्या तळहातावर ठेवली.

मी दाराआडून नको नको म्हणून हात हलवत होते. यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. अंजना आत उभी होती, तिच्याकडे पाहिलं. मग शेल्याआड सुपारी तोंडात घातली, त्या एकट्या दाताखाली धरली आणि दोन्ही हातांनी हनुवटी वर दाबली.

कडाक!

"फुटली!" इंद्रभान ओरडला. "जमलं!"

आणि शेला लाल व्हायला लागला.

ओसरीवर कोणीतरी "रगत!" म्हणालं. उकंडराव उठून उभे राहिले. इंद्रभानाने आपल्यापुढची पोह्यांची ताटली हळूच लांब सरकवली. सोजरबाईचं तोंड पांढरं पडलं. "माह्या लेकीचा पदर असाच लाल झाला व्हता," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "चाल उकंड. जोडे घाल."

मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला. कणगीतल्या ज्वारीला कीड लागली तर लागो, आता सांगतेच, असं म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात यांनी हात वर केला. शेला ओढून काढला आणि मांडीवर ठेवला. मग तळहात पुढे केला. त्यावर अख्खी सुपारी होती आणि शेजारी दात होता.

"रोग नाई, बाई," हे म्हणाले. वारा फसफस बाहेर जात होता, शब्द धड फुटत नव्हते. "दात हाय. शेवटचा व्हता."

आणि तोंड उघडलं. चांगलं आ वासून, उजेडाकडे करून. आधी सोजरबाईकडे, मग उकंडरावांकडे, मग इंद्रभानाकडे. कुंपणाशी बायका जमल्या होत्या, त्यांच्याकडेही वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड मिटलं नाही. शालिग्राम, लग्नात मी त्यांच्या गळ्यात माळ घातली तेव्हा लाजून वर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी सगळ्यांदेखत डोळे भरून पाहिलं.

सोजरबाई परत खाली बसली. हनुवटी धरून बैलाची पाहतात तशी यांची मान उजेडाकडे वळवली आणि सरळ बोट तोंडात घालून हिरड्या चाचपल्या. हे "आ आ" करत होते, पण हलले नाहीत.

"जबडा कोरा हाय," तिने जाहीर केलं. "मुळं सडेल हायत. ताप हा इथून येते." मग बोट पुसत म्हणाली, "अन् याच्यापायी तुमी उपाशी मरून राह्यले?"

"उपाशी नाई," हे म्हणाले, "उपास."

आधी उकंडराव हसले. मग इंद्रभान. मग कुंपणावरच्या सगळ्या. हे भेदरून इकडेतिकडे बघत होते, आणि मग स्वतःच हसायला लागले. सोजरबाईही हसली आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. बराच वेळ काढलाच नाही.

मग माझ्याकडे वळली. "अवं बाई, तुले मालूम व्हतं?"

"व्हय."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"शपथ घातली व्हती."

"अन् हा मेला असता तं? शपथ कवटाळून बसली असती का?"

याचं उत्तर तुला देते आहे.

मागच्या पत्रात मोटेपाशी चक्कर आली, बसले, असं लिहिलं ना, ते खोटं होतं. बसले नव्हते, पडले होते. विहिरीच्या अगदी काठाशी. बैल नाडा ओढत पुढे गेले तेव्हा मी धावले. डोळे पांढरे, तोंड उघडं. मी हलवलं, हाक मारली, ओ नाही. हिरालाल पलीकडच्या वाफ्यात होता, चार पावलांवर. आणि मी काय केलं असेल? आधी त्यांच्या तोंडावर शेला नीट केला आणि मग हिरालालला हाक मारली. त्यांना लोकांचं भय होतं, आणि त्यांचं ते भय सांभाळता सांभाळता तेच माझंही झालं होतं. तेवढ्या वेळात ते गेले असते तर? थट्टेत तुला सगळं लिहिलं, एवढं लिहायला हात धजला नाही. मला फार भीती वाटली रे. अजून वाटते.

असो. सोयरीक ठरली. सुपारी सोजरबाईने आमच्याच पाट्यावर वरवंट्याने फोडली. जाताना चतुराला बजावून गेली की कण्या चांगल्या शिजवत जा, दूध घाल, आणि म्हाताऱ्याला पंक्तीतच बसव. चतुराने माझ्याकडे पाहिलं, खलबत्त्याकडे पाहिलं आणि मग गळ्यातच पडली. माझ्या दोन जास्तीच्या भाकऱ्या त्या दिवसापासून बंद झाल्या, हे एक चांगलं झालं.

महिना झाला नाही तोवर यांचं तोंड जरा भरलं आहे. चौघांत बसून जेवतात, त्यानेच निम्मं अंगी लागतं असं मला वाटतं. विठ्ठलमंदिराची मंडळी मात्र हिरमुसली आहेत. पण ताप अजून येतो, म्हणून मुळं काढायलाच हवीत. डॉक्टरांपुढे हे "काही दुखत नाई" म्हणतील, ते ऐकू नकोस. एकदम सगळी काढू देऊ नकोस, अंगात रक्त कमी आहे. कवळी मिळाली तर घ्या, नाही मिळाली तरी माझी तक्रार नाही. कण्या बांधून दिल्या आहेत, गोमतीला म्हणावं वेळ लागला तरी मऊ शिजव. काही कमी-जास्त वाटलं तर लपवू नकोस, लगेच कळव. आपल्या घरात लपवणं आता पुरे झालं. आणि बरे झाले की त्यांना लवकर परत पाठव.

आबांनी मला सही शिकवली तेव्हा म्हणाले होते, नावाआधी काही लावू नकोस, नुसतं कस्तुरा लिही, तेवढी तू पुरेशी आहेस. आजवर तसंच लिहीत आले. पण हा हिवाळा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक, म्हणून आजच्यापुरतं आबांचं ऐकत नाही.

तुझी बहीण,
सौभाग्यवती कस्तुरा